घरातला म्हातारा कुत्रा

१. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात?

‘आमचा कुत्रा दहा वर्षांचा झाला, म्हणजे माणसाच्या हिशेबाने सत्तरीचा का?’ म्हातारपणाकडे झुकलेला कुत्रा घरात असला की हा प्रश्न निघतोच. सातने गुणण्याचा हिशेब सोपा आहे, पण तो चुकीचा आहे. कुत्रा पहिल्या वर्षभरातच वयात येतो, सात वर्षांचे मूल येत नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील संशोधकांनी शंभरावर कुत्र्यांच्या, मुख्यतः लॅब्रेडॉरच्या, डीएनएचा अभ्यास केला. वयाबरोबर डीएनएवर काही रासायनिक खुणा बदलत जातात. कुत्र्यांमधील या खुणा माणसांमधील खुणांशी ताडून पाहिल्यावर वेगळाच हिशेब हाती आला. एक वर्षाचा लॅब्रेडॉर माणसाच्या सुमारे ३१ वर्षांच्या बरोबरीचा ठरतो. चार वर्षांचा सुमारे ५३, सात वर्षांचा सुमारे ६२ आणि बारा वर्षांचा सुमारे ७१. म्हणजे कुत्रा आधी झपाट्याने मोठा होतो आणि पुढे वय वाढण्याचा वेग मंदावतो.

घरच्यांना सात वर्षांचा लॅब्रेडॉर तरणाबांड वाटतो, पण शरीराने त्याने साठी ओलांडलेली असते. म्हातारपणाची तयारी उशिरा सुरू होते ती या गैरसमजामुळे.

हे आकडे लॅब्रेडॉरचे आहेत. सर्वसाधारणपणे कुत्रा आकाराने जितका मोठा तितका तो लवकर म्हातारा होतो. ग्रेट डेनला सहाव्या वर्षीच वृद्ध समजावे. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड आठच्या सुमारास, तर पॉमेरेनियन, शित्झू आणि मध्यम बांध्याचे गावठी कुत्रे दहाच्या आसपास त्या टप्प्यावर येतात. पशुवैद्यक साधा नियम लावतात: त्या जातीच्या अपेक्षित आयुष्याचा शेवटचा चौथा हिस्सा म्हणजे म्हातारपण.

२. वय कोणते आणि आजार कोणता?

‘आता वय झालंय त्याचं’ हे वाक्य म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत सर्वांत घातक ठरते. वय हा आजार नाही. वयाच्या नावावर खपून जाणाऱ्या बऱ्याच तक्रारींमागे ओळखता येणारा आणि आटोक्यात ठेवता येणारा विकार असतो. म्हणून आधी नुसत्या वयाने काय बदलते ते पाहू.

तोंडावरचे केस पांढरे होतात. झोप वाढते. ऐकू कमी येते. आधी बारीक आवाज जातात, मग हाकही पोहोचत नाही. डोळ्यांच्या बुबुळात निळसर-करडी झाक दिसू लागते. ती पाहून घरचे मोतीबिंदू म्हणून घाबरतात. वास्तविक बहुतेक वेळा ते भिंग वयाने घट्ट झाल्याचे लक्षण असते आणि त्यातून कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असते. खरा मोतीबिंदू दुधासारखा पांढरा दिसतो आणि नजर खरोखर जाते. तो झपाट्याने आला तर मधुमेहाची शंका घ्यावी लागते. दोन्हींतला फरक पशुवैद्य उपकरणाने डोळा पाहून सांगू शकतात.

नुसत्या वयाने जे होत नाही त्याची यादी मोठी आहे. वजन कमी होणे, पाणी जास्त पिणे, तोंडाला घाण वास येणे, रात्री खोकणे, जिन्याशी थबकणे, उठताना मागचे पाय थरथरणे, घरात लघवी होणे, अंगावर गाठ येणे. यातले एकही लक्षण ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

पाण्याची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथे मूत्रपिंडाचा प्रश्न लपलेला असतो. इमारतीच्या टाकीवर चार पंप असावेत आणि त्यातले दोन बंद पडावेत, तरी घराघरांत नळाला पाणी येतच राहते; कोणाला पत्ता लागत नाही. तिसरा पंप अडखळू लागला की मग तक्रारी सुरू होतात. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. त्याची सुमारे दोन तृतीयांश क्षमता गेल्याशिवाय बाहेर काही दिसत नाही. मग मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही, पातळ लघवी जास्त होते आणि शरीरातले पाणी भरून काढण्यासाठी कुत्रा सारखा पाण्याकडे जातो. अशा वेळी पाणी तोडणे ही मोठी चूक. तो पाणी जास्त पितो म्हणून लघवी वाढलेली नसते. लघवी वाढल्यामुळे त्याला पाणी लागते.

हे घरी मोजता येते. सकाळी भांड्यात मोजून पाणी घालावे आणि चोवीस तासांनी उरलेले वजा करावे. दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी नेहमीचे. १०० मिलिलिटरच्या पुढे गेले की तपासणी हवीच. दहा किलोचा कुत्रा अर्धा लिटर पीत असेल तर ठीक. सव्वा लिटर पिऊ लागला तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा संप्रेरकांचा विकार यांपैकी काहीतरी मागे असू शकते. नसबंदी न केलेल्या कुत्रीची तहान अचानक वाढली, ती मलूल झाली आणि योनीमार्गातून घाण स्राव येऊ लागला तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता धरावी. पाळी येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत हे होते. कधी गर्भाशयाचे तोंड बंद असल्याने स्राव दिसतही नाही. यात दिवस काढू नयेत. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर जीव जातो.

दुसरी मोजणी श्वासाची. लहान जातींमध्ये उतारवयात हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागतात. रक्त मागे फिरते आणि पुढे फुफ्फुसांत पाणी साठते. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते तीस सेकंद मोजावे आणि दुप्पट करावे. बारा वेळा आली तर मिनिटाला २४ श्वास, हे ठीक. एकोणीस वेळा आली तर ३८. झोपेतला आकडा ३० च्या वर जात राहिला तर त्याच दिवशी पशुवैद्यांना कळवावे. ही मोजणी रोज वहीत लिहून ठेवणारे घर खोकला वाढायच्या आधीच सावध होते. झडपांचा आजार बरा होत नाही, पण वेळेवर सुरू केलेल्या गोळ्यांनी कुत्रा पुष्कळ काळ आरामात जगतो.

मुंबईच्या पट्ट्यात आणखी एका गोष्टीची आठवण ठेवावी लागते: गोचीड. गोचिडांतून होणारा ताप रक्तातल्या प्लेटलेट्स कमी करतो. म्हातारा कुत्रा आठवडाभर गळून पडला, जेवण सोडले, नाकातून रक्त आले, तर ‘आता शेवट जवळ आला’ असे ठरवण्याआधी रक्त तपासावे. या तापावर औषध आहे.

३. सांधे, फरशी आणि जिना

मुंबईलगतच्या मिरा-भाईंदरमधले घर म्हणजे बहुतांशी फ्लॅट. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर होती. इतकी माणसे खाडी, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत राहतात, त्यामुळे कुत्र्याचे म्हातारपणही गुळगुळीत टाइल्सवर, लिफ्टमध्ये आणि जिन्यावर जाते. जुन्या इमारतींत तर लिफ्टही नाही.

म्हाताऱ्या कुत्र्यांना सर्वाधिक छळते ती सांधेझीज. हाडांच्या टोकांवरची मऊ कूर्चा झिजते, हाडाला हाड घासते आणि सांधा सुजतो. कुत्रा त्यासाठी विव्हळत नाही, आणि बहुतेक घरे इथेच फसतात. तो फिरणे कमी करतो, सोफ्यावर चढणे सोडतो, एकच सांधा सारखा चाटतो, मागून हात लावला की गुरगुरतो. स्वभाव बिघडला असे घरच्यांना वाटते, पण त्या गुरगुरण्यामागे दुखणे असते.

पहिला उपाय वजनाचा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्रेडॉर आयुष्यभर पाहिले गेले. जोड्या एकाच वेतातल्या पिल्लांच्या लावल्या होत्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा अन्न कमी मिळे. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य १३ वर्षे निघाले, भरपूर खाणाऱ्यांचे ११.२. सडपातळ कुत्र्यांना सांधेझीजही उशिरा त्रास देऊ लागली. पावणेदोन वर्षे आयुष्य वाढवणारे दुसरे औषध बाजारात नाही. बरगड्यांवर हात फिरवून त्या सहज लागतात का, हे पाहिले की वजन कळते. लागत नसतील तर ताट कमी करायचे.

दुसरा उपाय फरशीचा. टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात. एकदा पडला की तो घाबरतो आणि एका कोपऱ्यातून हलत नाही. त्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत खालून रबर असलेल्या चटया सलग अंथराव्यात. जुनी योगा मॅट कापून टाकली तरी चालते. नखे वाढू देऊ नयेत आणि तळव्यांमधले केस कापावेत. अंथरूण जाड असावे, कारण कोपरांवर घट्टे पडतात. अजिबात उठू न शकणाऱ्या कुत्र्याला दर चार तासांनी कूस बदलून द्यावी, नाहीतर त्वचेवर जखमा होतात.

जिन्यावर जाड टॉवेल पोटाखालून मागच्या पायांजवळ घालून त्याची दोन्ही टोके वर धरावीत. वजनाचा बराचसा भार हातावर येतो आणि कुत्रा स्वतःच्या पायांनी उतरतो. लिफ्ट असलेल्या इमारतीत काही वेळा सोसायटी कुत्र्याला लिफ्ट नाकारते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टचा वापरही नाकारता येत नाही. पाय गेलेल्या कुत्र्याला सातव्या मजल्यावरून जिना उतरायला लावणे क्रूरपणाचे आहे. सचिवांना ते परिपत्रक शांतपणे दाखवावे. अंगणात घाण झाली तर स्वतः उचलावी, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाते.

वेदनेसाठी कुत्र्यांची वेगळी औषधे असतात आणि ती चांगले काम करतात. घरातली माणसांची गोळी मात्र कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठरात व्रण करतात, मूत्रपिंड निकामी करतात. पॅरासिटामॉल यकृताला आणि रक्तपेशींना इजा करते. दुखणे कमी व्हावे म्हणून मायेने दिलेल्या अर्ध्या गोळीने कुत्रे दगावतात.

हवेचाही विचार हवा. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात धापा टाकून शरीर थंड करण्याची कुत्र्याची पद्धत तोकडी पडते. लठ्ठ, छोट्या नाकाच्या किंवा घोगरे भुंकणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावरच बाहेर न्यावे. पावसाळ्यात फिरणे बंद पडते आणि सांधे आखडतात. घरातल्या घरात दहा-दहा मिनिटे चालवावे. तुंबलेल्या पाण्यातून नेऊ नये, अशा पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नये.

४. रात्री फिरणारा कुत्रा

दिवसभर झोपायचे आणि रात्री दोनला उठून घरभर फेऱ्या मारायच्या. भिंतीकडे पाहत उभे राहायचे, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन दार उघडायची वाट पाहायची, ओळखीच्या माणसाला ओळख द्यायची नाही. हे माणसातल्या स्मृतिभ्रंशाशी जुळणारे दुखणे आहे. मेंदूत त्याच प्रकारचे प्रथिन साठते. कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात ११ ते १२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत, तर १५ ते १६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत याचे किमान एक लक्षण आढळले.

म्हणून रागावून उपयोग नाही. घरात लघवी करणारा कुत्रा शिकवलेले विसरलेला असतो, हट्ट करत नसतो. दिनक्रम घड्याळाला बांधावा, सामान हलवू नये, रात्री मंद दिवा ठेवावा, संध्याकाळी थोडे चालवून वासाचे खेळ द्यावेत. आधी दुखणे, बहिरेपण आणि लघवीचा संसर्ग नाही ना हे तपासून घ्यावे, कारण तेही रात्री जागवतात. पशुवैद्य यावर औषध देऊ शकतात.

याच वयात एक प्रसंग घराला हादरवतो. कुत्रा अचानक मान वाकडी करून गोल फिरू लागतो, पडतो, ओकतो, बुबुळे सारखी हलतात. पक्षाघात झाला असे वाटते. पण पुष्कळदा तो तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाचा बिघाड असतो आणि काही दिवसांत कुत्रा सावरू लागतो. पहिल्या दिवसाचे भेसूर दृश्य पाहून घाईने शेवटचा निर्णय घेऊ नये.

५. ताटात काय?

म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिने कमी लागतात ही समजूत चुकीची आहे. मूत्रपिंड ठीक असेल तर स्नायू टिकवायला त्याला चांगली प्रथिने हवीतच. नुसत्या दूध-चपातीवर किंवा दही-भातावर ती मिळत नाहीत. शाकाहारी घरात पनीर, शिजवलेली डाळ आणि पशुवैद्यांनी सुचवलेले तयार अन्न यांची सांगड घालता येते. मूत्रपिंड बिघडल्यावर फॉस्फरस कमी असलेले खास अन्न लागते. ते तपासणीनंतरच सुरू करावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कधीच नको. फरसाण आणि पापडातले मीठ अधू हृदयाला सोसत नाही. दात दुखत असतील तर भूक असूनही तो खात नाही, म्हणून तोंड उघडून पाहावे.

६. तपासणी आणि दवाखाना

म्हातारपणात वर्षातून दोनदा तपासणी करावी: वजन, रक्त, लघवी, रक्तदाब, दात आणि अंगावरच्या गाठी. सहा महिन्यांत कुत्र्याच्या शरीरात बरेच घडून जाते.

नेहमीचे उपचार मिरा रोड किंवा भाईंदरच्या जवळच्या दवाखान्यात होतात. मोठ्या तपासणीसाठी मुंबई गाठावी लागते. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करत आहे; त्याच आवारात १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले, ते चोवीस तास चालते. त्यामागची कहाणी या विषयाशी जोडलेली आहे. रतन टाटा यांनी आपल्या कुत्र्याच्या सांधेरोपणासाठी त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेले होते. उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांना सांधा एका स्थितीत कायमचा पक्का करावा लागला. तसे उपचार मुंबईत मिळावेत, ही इच्छा त्यांनी तेव्हा धरली.

काही लक्षणांत सकाळची वाट पाहू नये. हिरड्या पांढऱ्या पडणे, पोट फुगून ओकारीचे नुसते उमाळे येणे, लघवी न होणे, पाच मिनिटांहून लांबलेली फिट, बसल्या जागी धाप. पांढऱ्या हिरड्या आणि अचानक कोसळणे यांमागे प्लीहेवरची गाठ फुटलेली असू शकते.

७. कधी थांबायचे?

हा प्रश्न घरातले लोक एकमेकांनाही विचारायला धजत नाहीत. भावनेच्या भरात उत्तर सापडत नाही, म्हणून मोजपट्टी वापरावी. अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये सात बाबी सुचवल्या: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे, दहा म्हणजे उत्तम. सत्तरपैकी ३५ च्या वर असेल तर सेवा चालू ठेवण्यात अर्थ आहे.

समजा, तेरा वर्षांच्या एका लॅब्रेडॉरला याच क्रमाने ६, ७, ८, ४, ६, २ आणि ५ गुण मिळाले. बेरीज ३८. पाय गेले आहेत, पण भूक आहे, घरचे आले की शेपूट हलते. औषध वाढवून पुढे जावे. महिन्याने तेच गुण ३, ४, ६, ३, ३, १ आणि २ झाले, म्हणजे २२. आता पशुवैद्यांशी दयामरणाविषयी बोलायची वेळ आली. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग एकत्र बसावे. सर्वांत जास्त सेवा करणाऱ्या माणसाचे मत हळू आवाजातले असते. ते मुद्दाम ऐकावे.

असाध्य वेदनेत असलेल्या प्राण्याला पशुवैद्यांकडून दयामरण देण्याला आपल्याकडे कायद्याची आडकाठी नाही. सामान्यतः आधी गुंगीचे औषध दिले जाते, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून. काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसते, लघवी होते. या हालचालींच्या वेळी त्याला शुद्ध नसते, हे आधी माहीत असले की घरचे घाबरत नाहीत. शक्य असेल तर कोणीतरी ओळखीचे जवळ बसावे. मुलांना ‘गावी पाठवला’ असे सांगू नये. ती वाट पाहत राहतात.

एक मार्ग मात्र कोणी धरू नये: म्हातारा कुत्रा हायवेवर किंवा दुसऱ्या वस्तीत सोडून येणे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला असे टाकून देणे गुन्हा आहे. गुन्हा नसता तरी ते अक्षम्यच ठरले असते. आयुष्यभर गादीवर झोपलेला, अधू नजरेचा कुत्रा रस्त्यावर तग धरू शकत नाही.

८. नंतरची व्यवस्था

कुत्रा गेल्यावर देह खाडीकाठी किंवा कचऱ्यात टाकू नये. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाड पश्चिम येथे लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली आहे. पश्चिम उपनगरांच्या टोकावर राहणाऱ्यांना ती जवळ पडते. आपल्या पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात सध्याची सोय कोणती, हेही विचारावे. पालिकेकडे कुत्र्याची नोंद असेल तर ती रद्द करून घ्यावी. उरलेली औषधे दुसऱ्या कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नयेत. घरात दुसरा कुत्रा असेल तर तो काही दिवस जेवण कमी करतो, जागा हुंगत फिरतो. त्याचा दिनक्रम होता तसाच ठेवावा.

हे सारे त्या दिवशी शोधायची वेळ येऊ देऊ नये. कुत्रा आठ वर्षांचा झाला की पहिली संपूर्ण तपासणी करून घ्यावी, मोठ्या जातीचा असेल तर त्याही आधी. आणि रात्री उघडा असणारा दवाखाना, ने-आण करणारी गाडी आणि दहनाची जागा, या तिन्हींचे फोन क्रमांक त्याच्या औषधांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.